घोडीमागून वीस पावलं

माझे सासरे लग्नानंतर तीन वर्षं माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. भांडण वगैरे काही नाही, रीतच तशी. सासरा समोर आला की सुनेनं पदर पुढे ओढायचा, सासऱ्यानं आत येण्याआधी दारातून खाकरायचं, आणि दोघांना एकमेकांना जे सांगायचं असेल ते तिसऱ्याला सांगायचं. तिसरं माणूस जवळ नसेल तर तिसरी वस्तू चालते. अप्पांना चहा हवा असला की ते ओट्याच्या खांबाला सांगायचे, "आज थंडी जास्त शे." भाजीत मीठ जास्त पडलं तर ताटाला सांगायचे. मीही मग चहा करून कठड्यावर ठेवायचे आणि कठड्याला म्हणायचे, "गरम शे." आमच्या घरातल्या खांबाला आणि कठड्याला जेवढं कळतं तेवढं शेजारच्या माणसांनाही कळत नसेल.

माझा स्वभाव मात्र गप्प बसणाऱ्यातला नाही. मी भूमिका. लग्नाआधी जिल्ह्याच्या खो-खोच्या संघात होते, नंतर शहाद्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. दीडशे पोरांना एका शिट्टीत उभं करायची माझी ख्याती होती. तीच मी घरात मात्र कठड्याशी बोलत होते. भावेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी याबद्दल पुष्कळ ऐकवलं. तो बिचारा केळीच्या गाड्या भरून देण्यात बुडालेला. म्हणायचा, अप्पा साधे आहेत, सोडून दे.

अप्पा साधे होते हे खरंच. लोटन पाटील म्हटलं की सारंगखेड्यापासून आमच्या गावापर्यंत दोन गोष्टींसाठी लोक हसायचे. एक म्हणजे ते रोज संध्याकाळी घोडीला घेऊन तापीकाठच्या पंपहाऊसपर्यंत चालत जायचे आणि चालतच परत यायचे. घोडीवर बसायचे नाहीत. बसलं तर ती दमेल, म्हणायचे. दुसरी गोष्ट अशी की दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत ते घोडी विकायला न्यायचे आणि दरवर्षी तीच घोडी घेऊन परत यायचे. गिऱ्हाईक आलं की तिचे दोष सांगत बसायचे. हळू चालते, लाजते, गुजरातचं पाणी तिला मानवणार नाही. तिचं नाव तेजल. नावात जेवढं तेज होतं तेवढंच. बाकी स्वभावानं ती गाय होती.

गेल्या वर्षी कार्तिकात तेजल गाभण होती आणि मलाही सातवा लागला होता.

सातव्या महिन्यापर्यंत माझ्या शरीरानं मला विचारणं बंदच केलं होतं. खो-खोत मी डोळ्याचं पातं लवायच्या आत खांबाला वळसा घालायचे. आता अंगणात कपड्याचा चिमटा पडला तर तो उचलण्याआधी मला बेत आखावा लागायचा. पाय असे सुजले की माझ्या चपला रुसून कोपऱ्यात बसल्या आणि मी भावेशच्या नऊ नंबरच्या स्लिपर घालून फटाक फटाक फिरू लागले. बेंबी बाहेर आली. चालताना आधी पोट पोचायचं आणि थोड्या वेळानं मी. केस मात्र कधी नव्हे एवढे दाट झाले होते, पण ते पदराखाली, कोण बघतंय!

आणि वर सासूबाईंचं खाऊ घालणं. जसोदाबाई म्हणजे बोलायला तिखट, हाताला गोड. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी तुपातला शिरा, संध्याकाळी गुळाची लापशी. उठायचं नाही, वाकायचं नाही, चालायचं तर मुळीच नाही. मी पलंगावरून पाय खाली सोडला तरी त्या आतून विचारायच्या, "कोठे जाई ऱ्हायनी?"

मग साखरेची तपासणी झाली. ग्लुकोजचं पाणी प्यायले, दोन तासांनी रक्त दिलं, आणि आकडा दीडशेच्या वर गेला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. घाबरायचं नाही, गरोदरपणात असं होतं. गोड बंद, रोज अर्धा तास चालायचं, चौदा दिवसांनी जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त. आकडा एकशेवीसच्या खाली आला तर ठीक. नाही आला तर औषध, बहुतेक इन्सुलिनच, आणि मग बाळंतपण धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात.

सुईला मी भिते. कुठल्याही शिट्टीवाल्या बाईनं कबूल करू नये, ते मी कबूल करते. पण त्याहून जास्त मी बाळासाठी भ्यायले होते. माझ्यामुळे त्याला काही झालं तर, एवढा एकच विचार दिवसभर डोक्यात फिरायचा.

आमच्या गावची आशा कार्यकर्ती सुनिता हा सगळा निरोप द्यायला घरी आली. ओट्यावर बसून तिनं अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "रोज अर्धा तास चालनं. आनि चालता चालता बोलता येवाले पाहिजे. बोलता उनं नही ते समज, जास्त जोरमा चाली ऱ्हायनी."

सासूबाई उसळल्याच. "सातवा महिना शे आनि हाई चालाले जाई? मन्ही बहू घोडी शे का?"

अप्पा खाली अंगणात तेजलला खरारा करत होते. त्यांचा हात थांबला, एवढं मी पदराआडून पाहिलं.

दोन दिवस घरात युद्ध चाललं. मी स्वयंपाकघरात भिंतीला दोन्ही हात टेकून पुढे-मागे होण्याचा व्यायाम करायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, भिंत जुनी आहे, ढकलू नको. भावेशनं माझी बाजू घेतली आणि आईचा आवाज चढताच केळीची गाडी भरायला पळाला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पांनी तेजलला सोडलं. नेहमीसारखे निघाले नाहीत. ओट्यासमोर आले, पाठ माझ्याकडे केली आणि घोडीच्या कानाशी, पण पुरेसं मोठ्यानं बोलले, "चाल वं तेजल. पोटमा जीव शे म्हनीसन बसी ऱ्हावानं नही. रोज अर्धा तास, धीरेधीरे. ज्याले येनं व्हई तो मांगेमांगे यी."

मी भावेशच्या स्लिपर पायात सरकवल्या, पाण्याची बाटली घेतली, पदर ओढला आणि निघाले. सासूबाई भाकरी थापत होत्या. हात पिठाचे, त्यामुळे मला धरता आलं नाही.

पुढे अप्पा, मग तेजल, आणि वीस पावलं मागे मी. अप्पा घोडीला सूचना देत होते आणि मी त्या पाळत होते. "दम लागना ते थांबी जाय." मी थांबायचे. "पानी पी." घोडीजवळ पाणी नव्हतंच, मी बाटली काढायचे. "आतें पाय मोकळा कर." तेजल बिचारी गोंधळून मान वळवायची. तिला पाच वर्षांत कुणी एवढ्या सूचना दिल्या नव्हत्या.

अडचण एकच होती. चालता चालता बोलता आलं पाहिजे, आणि सासऱ्यामागे सुनेनं बोलायचं कसं? मग मी पाढे म्हणायला लागले. पुटपुटतच, अगदी हळू. वीस पावलांवर काय ऐकू जाणार! तेरापासून सुरुवात करायचे, पंपहाऊसच्या चढापर्यंत सतरावर यायचे. त्या चढावर अप्पांना रोज ठसका लागायचा. धूळ असेल, मला वाटायचं. वयही झालंच होतं.

चौथ्या दिवशी घोटाळा झाला. मारुतीच्या पारावर बसलेल्या एका म्हातारीनं ही वरात पाहिली आणि रात्र व्हायच्या आत आमच्या दारात येऊन तिनं सासूबाईंना विचारलं, "जसोदा, कोनता नवस बोलनी वं?"

आता सासूबाई काय सांगणार? नवऱ्यानं माझं ऐकलं नाही आणि सून माझ्या नाकावर टिच्चून गेली, हे कुठली सासू सांगेल? त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "दत्तले बोलेल शे."

झालं. सारंगखेड्याचा दत्त, त्याची यात्रा तोंडावर आलेली, घोडीही यात्रेची. गावाला एवढं पुरलं. पाचव्या दिवशी माझ्यामागे दोन बायका होत्या. सहाव्या दिवशी चार, त्यातल्या एकीला दिवस गेलेलेच नव्हते, ती जायला हवेत म्हणून आली होती. सातव्या दिवशी गुडघेदुखीचे एक आजोबाही सामील झाले. दत्त काय फक्त बायकांचाच आहे का, म्हणाले.

आमच्या वावरात कापूस वेचायला येणारी फुलीबाईही एक दिवस आली. तिला पाचवा होता. मी म्हटलं, अगं, तू दिवसभर उन्हात वाकून कापूस वेचतेस, तुला आणखी चालायची काय गरज? तर म्हणाली, "काम करीसन चालस त्यान्हं पुन्य लागस नही, बाई. घोडीनामांगे लागस म्हने." मी तिला बाटलीतलं पाणी दिलं आणि परत येताना पाणंदीच्या कडेला दहा मिनिटं बसवून ठेवलं. मीही बसले. मलाही दर पंधरा मिनिटांनी कुठे ना कुठे थांबावंच लागायचं, आता त्याचं कारण काय सांगायचं! बाळ मूत्राशयावर नाचत होतं. मी केळीच्या बागेत वळले की अप्पा घोडीला उभी करून तापीकडे तोंड करायचे, आणि मागची सगळी मंडळी, हाही नवसाचाच भाग समजून, हात जोडून तापीकडे बघत उभी राहायची.

नवस म्हटला की प्रसाद आला. सासूबाईंनी स्वतःच्याच थापेला जागून आठव्या दिवसापासून दारात परात मांडली. साजूक तुपातला शिरा. चालून आलेल्या प्रत्येकाला मूठभर आणि मला तीन मुठी, कारण नवस माझा. मी हादरले. तपासणीला सहा दिवस राहिलेले, आणि दत्ताचा प्रसाद नाही म्हणायची गावासमोर सोय नाही. मी शिरा पदरात घेतला, कपाळाला लावला आणि गोठ्यात जाऊन तेजलच्या पुढ्यात ओतला. तिनं एका श्वासात फस्त केला. दुसऱ्या दिवशीपासून परतीच्या वाटेवर ती घोडी घराच्या दिशेनं अशी झपाझप चालू लागली की आजोबांचे गुडघे मागे राहिले.

दहाव्या दिवशी अप्पांनी खरारा करताना तिच्या तोंडाला लागलेलं तूप पाहिलं. बोटानं पुसलं, वास घेतला. मग गोठ्याच्या दाराकडे पाठ करून, कारण दारात मी होते, तेजलला म्हणाले, "हाई तुन्हासाठेबी बरं नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांनी जाहीर केलं, "रातले सपनमा दत्त महाराज उनात. बोलनात, शिरा बंद कर, फुटाणा वाट."

ज्या माणसानं यात्रेत गिऱ्हाइकाशी खोटं बोलून कधी घोडी विकली नाही, तो दत्ताच्या नावानं थाप मारत होता. सासूबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "असं कसं बोलतीन दत्त?"

"नवस तू बोलनी," अप्पा शांतपणे म्हणाले. "तू इचार त्यास्ले."

सासूबाईंचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नवस बोललाच नव्हता हे त्या सांगू शकत नव्हत्या आणि स्वप्न पडलंच नव्हतं हे अप्पा सांगणार नव्हते. मी पदर तोंडात कोंबून मोरीकडे गेले आणि पोट धरून हसले. तेवढं पोट धरायला दोन हात पुरत नव्हते.

त्या दिवसापासून फुटाणे. गावाची थोडी निराशा झाली. एक-दोन जणींचा दत्तावरचा विश्वासच उडाला.

तपासणीच्या आदल्या दुपारी सासूबाई माझ्या सुजलेल्या पायांना तेल लावायला बसल्या. मी नको नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही. बराच वेळ घोटा चोळत राहिल्या आणि मग खाली मान घालूनच म्हणाल्या, "मन्हं पहिलं लेकरू सातवा महिनामा गयं. डोकावर कपाशीनं गाठोडं व्हतं."

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. भावेशनंही नाही.

"त्या साले घोडीबी गाभण व्हती," त्या पुढे म्हणाल्या. "तिले यास्नी कामले लावं नही. मन्हासाठे तोंड उघडं नही." त्यांचे सासरे तेव्हा ओट्यावर बसलेले असायचे. वडिलांसमोर बायकोची काळजी बोलून दाखवणं म्हणजे निर्लज्जपणा, अशी तेव्हाची रीत. अप्पांनी घोडीचं ओझं उतरवलं आणि बायकोच्या डोक्यावरचं बघत राहिले.

मला रडू फुटलं. गाठोडं वाहताना गेलं म्हणून या बाईनं मला पलंगावरून उतरू दिलं नाही, आणि मी दोन आठवडे तिच्याशी दावा मांडला होता. मी तिचा तेलकट हात धरून ठेवला. तिनं तो सोडवून घेतला, दुसरा पाय ओढला आणि म्हणाली, ह्या पायाची सूज जरा कमी आहे, चालण्यानं झाली असेल. चालण्याबद्दलचं तिचं हे पहिलं आणि शेवटचं बरं मत.

चौदाव्या दिवशी सासूबाई दवाखान्यात आल्या नाहीत. घोडीजवळ कोणीतरी पाहिजे, म्हणाल्या. खरं तर आकडा ऐकायची त्यांची छाती नव्हती. भावेशनं सकाळी आम्हाला पिकअपनं सोडलं आणि तो गाडी भरायला गेला. मी, सुनिता आणि अप्पा. डब्यातली भाकरी-भाजी खाल्ली, दोन तास बसलो, रक्त दिलं. सुनिता माझा कागद घेऊन कुठल्याशा सहीसाठी आत गेली आणि मी आकड्यासाठी डॉक्टरीणबाईंसमोर. बाई हसल्या. एकशे बारा.

मी बाहेर आले. बाकावर अप्पा एकटेच. इथे खांब नव्हता, कठडा नव्हता, घोडी तर नव्हतीच. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर वजनकाटा होता. त्याच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "कितला उना?"

वजनकाट्याकडे बघून सांगायचं माझ्या मनात होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, एकशे बारा. सुई लागणार नही."

तीन वर्षांत मी त्यांना मारलेली ती पहिली हाक. ते उठले, फेट्याचा शेव डोळ्यांना लावला, आणि दाराबाहेर चालायला लागले. सुनिता मागून ओरडली, तुम्ही गाडीनं जा, मला इथे अजून काम आहे. आम्ही काळीपिवळीच्या थांब्याकडे निघालो. ते पुढे, वीस पावलं मागे मी. मधली घोडी नसल्यामुळे ते अंतर फार मोठं दिसत होतं.

अर्ध्या वाटेवर ते थांबले. मागे वळले नाहीत.

"तवय मी बोलनू नही," ते म्हणाले. "जसोदानी सांगं व्हई तुले."

मी म्हटलं, "हो अप्पा."

"घोडीले सांगं. तिले नही सांगं." ते तसेच उभे राहिले. मी चालत चालत त्यांच्याजवळ पोचले, स्लिपर फटाक फटाक वाजत होत्या. मग ते वळले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, डॉक्टरीन म्हने, चालता चालता बोलता येवाले पाहिजे. मंग बोल ना."

"काय बोलू अप्पा?"

"पाढाच बोल." त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. "पन सतरा आठा एकशे छत्तीस ऱ्हास. तू रोज एकशे सव्वीस म्हनस. मास्तरीन शे आनि रोज चुकस. बोलता येई ना मले, नुसता ठसका लागे."

मी लाजेनं मेले आणि रस्त्यातच एवढ्या मोठ्यानं हसले की थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. पोटातलंही दणकन हललं. मग मी पदर थोडा मागे सारला, अप्पांच्या बाजूला आले आणि सतरा एके सतरापासून सुरुवात केली. आठला आले, नीट म्हटलं, आणि ठसका लागला नाही.